टॉप्स १९८६, नंबर १६१: जेरी राईसचं पहिलं कार्ड कसं आहे आणि कसं घ्यावं

खेळाडूचा फोटो छापलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. हिरवी चौकट, आणि त्या हिरव्यावर तिरप्या पांढऱ्या रेषा, मैदानात फक्की मारून आखतात तशा. माझ्याकडच्या कार्डाचे चारही कोपरे पांढरे पडलेत आणि डाव्या कडेला दोन जागी हिरवा रंग उडून आतला पुठ्ठा दिसतो. २०१३ मध्ये हे कार्ड मी २५ डॉलरला घेतलं. त्याच्यापेक्षा देखणी कार्डं नंतर पुष्कळ पाहिली, पण बदलून घ्यावंसं एकदाही वाटलं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवीन आलेली मंडळी भेटतात. मुलं शाळेत कार्डांची देवाणघेवाण करायला लागलेली असतात, आणि आईवडील विचारतात, "काका, हा काय प्रकार आहे? पैसे घालावेत का यात?" मी त्यांना एकच सांगतो: पोराला एक खेळाडू निवडू द्या आणि त्याचं रुकी कार्ड शोधा. माझा खेळाडू जेरी राईस, फुटबॉलमध्ये लांबून फेकलेला चेंडू झेलून पळणारा. त्यामुळे लिहितोय ते त्याच्या कार्डाबद्दल, पण शोधायची आणि तपासायची रीत बहुतेक जुन्या कार्डांना लागू पडेल.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबुळक्या चेंडूचा. रुकी कार्ड म्हणजे खेळाडू लीगमध्ये आल्यावर मुख्य संचात छापलं गेलेलं त्याचं पहिलं कार्ड. राईस १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडतात त्यात, आला. पहिल्या फेरीत सोळावा. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या संघाचा नंबर खरं तर अठ्ठाविसावा होता, पण प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी न्यू इंग्लंडच्या संघाशी सौदा करून वरची जागा मिळवली. ते सुद्धा मिसिसिपी व्हॅली स्टेट नावाच्या लहानशा कॉलेजातल्या पोरासाठी. आदल्या वर्षी ह्यूस्टनला सामन्याआधीच्या रात्री हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर वॉल्शनी त्याचा खेळ पाहिला होता, आणि तो त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

त्या काळी नव्या पोराचं कार्ड एक हंगाम खेळून झाल्यावर यायचं. म्हणून राईसचं पहिलं कार्ड १९८६ चं. आणि त्या वर्षी या खेळाचा मुख्य संच काढणारी कंपनी एकच होती, टॉप्स. प्रो सेट आणि स्कोअर या कंपन्या आल्या त्या १९८९ मध्ये. म्हणजे राईसचं रुकी कार्ड म्हटलं की दुसरं-तिसरं काही नाही, ३९६ कार्डांच्या संचातलं हे १६१ नंबरचं. मला ही गोष्ट फार आवडते. आज एखादा नवा पोरगा लीगमध्ये आला की त्याची पहिल्याच वर्षी कितीतरी तऱ्हेची कार्डं निघतात: चंदेरी, निळी, सहीची, जर्सीचा तुकडा लावलेली, फक्त दहाच छापलेली, एकच छापलेलं. पैसेवाल्यांना त्यात मजा असेल, पण बारा वर्षांच्या पोराला सगळं जमवणं शक्य नाही, आणि यातलं "पहिलं" नेमकं कुठलं हे सांगताना दुकानदारही घोटाळतो. राईसचं मात्र एकच आहे. ते मिळालं की मिळालं.

कार्ड उलटलं की एकाच हंगामाचे आकडे: ४९ झेल, ९२७ यार्ड (झेलून कापलेलं अंतर), ३ टचडाउन (चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपार). मी या ओळीकडे पुष्कळ वेळा बघत बसतो. कारण पहिल्या हंगामात राईसच्या हातून चेंडू सुटत होते आणि घरच्या मैदानावर लोकांनी त्याची हुर्यो उडवली होती. मग डिसेंबरात, एका सोमवारच्या रात्री, लॉस एंजलिस रॅम्सविरुद्ध त्याने दहा झेलांत २४१ यार्ड काढले. ९२७ मधले २४१ एका रात्रीतले. त्याच वर्षी टॉप्सने पाकिटांतून "१००० यार्ड क्लब" म्हणून २६ चकचकीत कार्डं दिली होती, हजार यार्ड ओलांडणाऱ्यांची. त्यात राईस नाही. ७३ यार्ड कमी पडले. पुढच्या हंगामात त्याने १५७० यार्ड केले, आणि कारकीर्द संपली तेव्हा एकूण १५४९ झेल, २२,८९५ यार्ड आणि २०८ टचडाउन. त्या २२,८९५ ची सुरुवात या एका ओळीत आहे. हे कार्ड हातात घेताना मला जे वाटतं ते याच ओळीमुळे.

मी मूळचा कराडचा. १९९८ मध्ये वाय-टू-केच्या कामावर सनीव्हेलला आलो. ऑफिसात शेजारच्या टेबलावर सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले एक गृहस्थ होते, वयाने वडिलांच्या बरोबरीचे. रविवारी ते मला घरी बोलवायचे आणि सामना लावायचे. मला नियम कळेनात. डाउन म्हणजे काय, यार्ड मागे का गेले, शिट्टी का वाजली, सगळंच अवघड. तेव्हा ते म्हणाले, "बाकीचं राहू दे. तू फक्त ८० नंबर बघ. चेंडू नसतानाही बघ." मी बघायला लागलो. ८० नंबर म्हणजे राईस, तेव्हा पस्तिशी ओलांडलेला. आदल्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच सामन्यात गुडघा गेला होता, तरी परत आलेला. चेंडू दुसरीकडे चाललेला असायचा आणि हा माणूस आपली धाव शेवटच्या पावलापर्यंत पूर्ण पळायचा. वळणाच्या जागी वळायचा. कोणी बघत असो नसो.

आणि मग त्या गृहस्थांनीच मला विटांची गोष्ट सांगितली. राईसचे वडील मिसिसिपीत गवंडी होते. सुट्टीत पोरं त्यांच्या हाताखाली कामाला जायची. राईस वर परांचीवर उभा, भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा झेलायचा. एकामागून एक, कधी दोन-तीन एकदम. हात तयार झाले ते तिथे.

माझे वडीलही गवंडी. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली कराडच्या आसपासच्या बांधकामांवर घमेली उचलली आहेत, मसाला कालवलाय आणि परांचीवर उभं राहून विटाही झेलल्या आहेत. ओली वीट आणि सुकी वीट हाताला वेगळी लागते, हे सांगून कळत नाही. ऐकताना मी गप्पच झालो. सातासमुद्रापलीकडे टीव्हीवर दिसणारा हा माणूस त्या क्षणी मला घरचा झाला. माझ्या घरातली सगळी कार्डं तिथून सुरू झाली.

१७ डिसेंबर २००० ला कँडलस्टिकवर राईसचा फोर्टीनायनर्सकडून घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता, शिकागोविरुद्ध. आम्ही दोघं, ते गृहस्थ आणि मी, सगळ्यात वरच्या रांगेत. खाडीवरचा वारा अंगात शिरत होता. आम्ही निरोप द्यायला गेलो राईसला आणि त्या दिवशी त्याच्याच संघातल्या टेरेल ओवेन्सने २० झेल घेऊन एका सामन्यातल्या झेलांचा १९५० पासूनचा विक्रम मोडला. १७-० ने जिंकलो. लोक उठून टाळ्या वाजवत होते त्या दोघांसाठीही. ते मैदान आता राहिलं नाही, २०१५ मध्ये पाडलं. संघ त्याआधीच सांता क्लाराला गेला. कँडलस्टिकची आठवण म्हणून माझ्याकडे तिकिटाचा तुकडा आहे आणि हे कार्ड आहे.

आता मुद्द्याचं. हे कार्ड घेताना फसगत कुठे होते.

टॉप्स ही कार्डं १३२ च्या तावावर छापायची. ३९६ म्हणजे तीन ताव. मग ते ताव यंत्रावर कापायचे. कापताना ताव थोडा जरी सरकला की चित्र एका बाजूला जातं. याला सेंटरिंग म्हणतात. डावी-उजवी हिरवी पट्टी बघायची, मग वरची-खालची. आमच्याकडे भिंत ओळंब्यात आहे का बघतात तसंच. माझं कार्ड डावीकडे जरा कलंडलेलं आहे.

पण या संचाचं खरं दुखणं म्हणजे हिरवी चौकट. रंग थेट कडेपर्यंत छापलेला. पुठ्ठा पांढरा. पांढऱ्या चौकटीच्या कार्डाचा कोपरा घासला तर चटकन लक्षात येत नाही, या कार्डाचा टाचणीच्या टोकाएवढा टवका उडाला तरी लांबून पांढरा ठिपका दिसतो. त्यात ही कार्डं च्युइंगगमच्या पाकिटातून आलेली. पाकीट मेणकागदाचं, ते गरम करून चिकटवलेलं, त्यामुळे काही कार्डांवर मेणाचे डाग, काहींवर गमचे. आणि ज्या पोरांनी ती १९८६ मध्ये घेतली त्यांनी रबर लावून चपलांच्या खोक्यात ठेवली, पायरीवर बसून खेळली. पोरांनी तेच करायला हवं होतं. म्हणून चारही कोपरे कोरे करकरीत असलेलं राईसचं कार्ड फार थोड्यांकडे आहे, आणि त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची.

किमतीत एवढी तफावत असली की लबाडी आलीच. माझ्याही वाट्याला आली. ऑगस्ट २०१० मध्ये राईसचा फुटबॉलच्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. तो सोहळा बघितला आणि त्याच आठवड्यात मी इंटरनेटवरून एका विक्रेत्याकडून पहिलं कार्ड मागवलं. ९० डॉलर दिले. फोटोत कोपरे हिरवेगार. घरी आलं तेव्हा बायकोलाही दाखवलं, "बघ, चोवीस वर्षांचं आहे, वाटतं का?" मग इथल्या एका दुकानातून ते ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून तपासून गुण घ्यायला, पाठवलं. दुकानं अशी दहा-वीस जणांची कार्डं गोळा करून एकत्र पाठवतात, पैसे थोडे वाचतात. सात महिने थांबलो. कार्ड परत आलं ते ग्रेडविना. बरोबर चिठ्ठी: रंग लावलेला आहे.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवा जवळ ओढला आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बसलो. समोरून बघितलं तर काही नाही. मग कार्ड आडवं धरलं, पत्त्याची कड बघतो तसं. पुठ्ठ्याची कड सगळीकडे पांढरट, जराशी मळकट. आणि कोपऱ्यांशी मात्र हिरवी. शाई पुठ्ठ्यात पाझरून आतपर्यंत गेलेली, कापडाच्या टोकाला रंग चढतो तशी. कोणीतरी हिरव्या मार्करने चारही कोपरे भरले होते. भिंगाखाली तो हिरवा आणि छापलेला हिरवा शेजारी-शेजारी ठेवले तर वेगळे दिसतात: छापील रंग बारीक ठिपक्यांचा, मार्करचा रंग सलग, सपाट, आणि प्रकाशात किंचित चमकणारा. विक्रेत्याला तीन वेळा लिहिलं, उत्तर आलं नाही. दुकानदाराचाही मला राग आला. फी घ्यायच्या आधी त्याने एकदा कड बघितली असती तर सात महिने आणि फी वाचली असती. तेव्हापासून मी पैसे देण्याआधी भिंग बाहेर काढतो. समोरच्याला वाईट वाटलं तरी.

काय बघतो ते सांगतो. आधी कड, सगळ्या बाजूंनी, कार्ड आडवं धरून. कडेला हिरवा पाझरलेला दिसला की परत देऊन टाकायचं, बोलणी करायची नाहीत. मग माप. उडालेले टवके लपवायला काही लोक कड धारदार पात्याने तासतात, कार्ड केसभर लहान होतं. यासाठी मी याच संचातलं एखादं साधं कार्ड, ज्याला इथे कॉमन म्हणतात, खिशात ठेवतो. एक डॉलरला मिळतं. दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून टेबलावर हलकेच उभी करायची, राईसचं कार्ड आत गेलेलं दिसलं की संशय घ्यायचा. कापताना थोडाफार फरक पडतो हे खरं, पण तासलेली कड हाताला वेगळी लागते. फार धारदार, फार सरळ. बाकीच्या तीन कडांसारखी नसते.

नकली कार्डंही असतात. त्यासाठी भिंगाखाली अक्षरं बघा. खऱ्या कार्डात चित्र ठिपक्यांचं असतं पण काळी अक्षरं सलग काळी, कडा स्वच्छ. नकली कार्ड खऱ्याचा फोटो काढून छापलेलं असतं, म्हणून त्यात अक्षरंही ठिपक्यांचीच होतात, कडा पिसारतात. त्या साध्या कॉमन कार्डाचा इथेही उपयोग होतो. त्यातली अक्षरं शेजारी धरून बघा, दोन मिनिटांत कळतं. पुठ्ठ्याची जाडी आणि मागच्या बाजूचा रंगही जुळला पाहिजे. शिवाय टॉप्सने स्वतःच पुढे जुन्या रुकी कार्डांच्या नव्या आवृत्त्या काढल्या आहेत. ती काही फसवणूक नाही, भिंतीवर लावायला छानच आहेत, फक्त १९८६ च्या किमतीला कोणी दिली तर घेऊ नका.

ग्रेडिंगबद्दल माझं मत आता पक्कं आहे. पीएसए ही कंपनी १९९१ पासून हे काम करते, बेकेट आणि एसजीसी याही जुन्या आणि मान्यता असलेल्या. सेंटरिंग, कोपरे, कडा, पृष्ठभाग या चार गोष्टी बघून एक ते दहामध्ये गुण देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या बंद कव्हरात, स्लॅबमध्ये, घालून पाठवतात. ज्याला भिंग वापरायचं नाही, लांबून ऑनलाइन घ्यायचंय किंवा पुढे विकायचंय, त्याने या तिघांपैकी एकाचं स्लॅबमधलं कार्डच घ्यावं, आणि त्यावरचा नंबर कंपनीच्या साइटवर जाऊन पडताळावा. सहा किंवा सात गुणांचं राईस बघा. डोळ्याला चांगलं दिसतं आणि खिशाला झेपतं. आठ आणि नऊमधला फरक भिंगाशिवाय मला दिसत नाही, किमतीत मात्र तो कित्येक पटींचा असतो. दहा गुणांचं मी एकदाच पाहिलं, काचेआड. सुंदर होतं. माझ्या दृष्टीने ते पाकिटातून निघाल्यापासून कोणाच्या हातात गेलंच नव्हतं, आणि म्हणून मला त्याच्याजवळ फार वेळ थांबावंसं वाटलं नाही.

घरी ठेवायचं असेल तर स्लॅब लागत नाही. मऊ प्लास्टिकचं पातळ पाकीट, इथे पेनी स्लीव्ह म्हणतात, ते शंभराचं पुडकं थोडक्या पैशांत मिळतं. त्यात कार्ड, आणि ते पाकिटासकट कडक प्लास्टिकच्या कव्हरात, टॉपलोडरमध्ये. पाकिटात घालताना तोंड बोटांनी नीट उघडा. घाईत घातलेल्या कार्डाचा कोपरा तिथेच दुमडतो, मी स्वतः एका चांगल्या कार्डाचा दुमडलाय. उन्हात ठेवू नका. जुन्या पद्धतीच्या चिकट अल्बममध्ये तर मुळीच नको.

माझं कार्ड मिळालं सॅन होजेजवळ एका हॉलमध्ये रविवारी भरणाऱ्या कार्डांच्या बाजारात. लांब टेबलं, प्रत्येकावर काचेच्या पेट्या, खाली खोकी. मोठ्या पेट्यांवर गर्दी होती. कोपऱ्यात एक वयस्कर बाई आपल्या मुलाची जुनी कार्डं विकायला बसल्या होत्या. १९८६ चा संच रबर काढून खोक्यात लावलेला, नंबराप्रमाणे. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता म्हणाल्या, शाळेतून आला की रोज हीच कार्डं जमिनीवर मांडायचा. मी १६१ काढलं. कोपरे पांढरे, कडेला टवके, मागे मेणाचा अर्धवट डाग. कड आडवी धरून बघितली: सगळीकडे पांढरी, कुठेही कोणी काही लपवलेलं नाही. किंमत विचारली तर म्हणाल्या, "कोपरे गेलेत ना, २५ द्या." मी २५ दिले. घासाघीस केली नाही.

मेणाचा डाग नायलॉनच्या जुन्या मोज्याने हलक्या हाताने घासला की निघतो, हे इथले जुने संग्राहक सांगतात. मी तो डाग ठेवला.

२०१६ मध्ये वडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. वय ७८, हात मात्र तसेच, बोटांची पेरं जाड, तळव्याला सिमेंटने कायमच्या भेगा. एका दुपारी मी कार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं. चष्मा लावून बघितलं.

"कितीला घेतलंस?"

"पंचवीस डॉलर, आण्णा."

"आणि हा कोण?"

मी विटांची गोष्ट सांगितली. परांची, भाऊ, एकदम येणाऱ्या विटा. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, कोपर अंगाशी. "वीट आली की हात तिच्यासंगं मागं न्यायचा. ताठ हात धरला तर बोटं फुटत्यात. तुला किती वेळा सांगितलं हुतं." मग कार्डाकडे बघून म्हणाले, "गवंड्याचा पोरगा हाय, त्येला म्हाईत आसणारच."

संध्याकाळी मी त्यांना जानेवारी १९८९ चा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, दाखवला, सिनसिनाटीविरुद्धचा. ११ झेल, २१५ यार्ड, सामन्याचा मानकरी राईस. आण्णांना खेळातलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. ते फक्त हात बघत होते. चेंडू येताना राईसचे हात खरंच मागे जातात, चेंडूबरोबर, जरासे. इतकी वर्षं बघून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. इथे समालोचक अशा हातांना "मऊ हात" म्हणतात. मला वाटायचं ही एक बोलायची पद्धत आहे. ती पद्धत नाही, कृती आहे, आणि मला ती कराडच्या गवंड्याने दाखवली. मार्कर लावलेलं कार्डही मी त्यांना दाखवलं. कड बघून त्यांनी ते बाजूला ठेवलं. "गिलाव्याखाली भेग दडवल्यागत केलंय," एवढंच म्हणाले.

हे कार्ड घ्यावं का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणतो, पण गुंतवणूक म्हणून नव्हे. २०२० आणि २०२१ मध्ये लोक घरात बसले आणि कार्डांचे भाव भडकले. तेव्हा एकाने मला या पांढऱ्या कोपऱ्यांच्या कार्डाचे माझ्या पैशांच्या कितीतरी पट देऊ केले. मी नाही म्हणालो. नंतर भाव उतरले. गेल्या वर्षी माझ्यासमोर माझ्याच कार्डाच्या जोडीचं एक राईस ७० डॉलरला गेलं. पोराला वाढदिवसाला द्यायला ही रक्कम मला रास्त वाटते. त्याहून जास्त मागितले तर दुसऱ्या टेबलावर जा. हे कार्ड दुर्मीळ नाही, फक्त चांगल्या स्थितीतलं दुर्मीळ आहे.

आणि घेतलंत तर एक दिवस रेडवूड सिटीच्या एजवूड पार्कला जा. राईस हंगाम नसलेल्या दिवसांत तिथल्या चढणीवर पळायचा, अडीच मैल, शेवटचा टप्पा सगळ्यात उभा. माझी मुलगी आठवीत असताना आम्ही दोघं ती चढण चालत चढलो होतो. मी तीनदा थांबलो. ती वर पोचून कार्डाचा टॉपलोडर हातात धरून उभी होती, फोटो काढायला.

ती आता नोकरीला लागली आहे. गेल्या महिन्यात घरी आली तेव्हा आम्ही पुन्हा त्याच बाजारात गेलो. तिला स्टीव्ह यंग हवा होता, राईसला ज्याने सर्वांत जास्त टचडाउन पास दिले तो. याच संचात त्याचं कार्ड ३७४ नंबरचं, तो टॅम्पा बे संघात होता तेव्हाचं. एका खोक्यात मिळालं. हिरवी चौकट, त्याच तिरप्या रेषा, कोपरे झिजलेले. विकणारा म्हणाला, "ताई, उजेडात बघा हवं तर." मी खिशातून भिंग काढून तिच्या हातात दिलं. तिने आधी कार्ड आडवं धरलं आणि कड बघितली.